तुरटीने विष खाली बसत नाही (आणि बाकीचे सहा 'उपाय')

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला मेव्हण्याचा फोन. "दाजी, तुरटी दोन किलो बास होईल का तीन आणू? टाकी सहाशेची आहे."

मला वाटलं विहिरीचं पाणी गढूळ झालंय. तसं नव्हतं. पठ्ठ्याने द्राक्षबागेसाठी कोपरगावकडून सेकंडहँड ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं पंख्याचं फवारणी यंत्र आणलंय, दसऱ्यानंतर छाटणी धरायची आहे, आणि पहिल्या फवारणीआधी मशीन 'तयार' करण्याची कृती त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली आहे. "जुना ब्लोअर, नवा हंगाम: ७ घरगुती उपाय, मेकॅनिकचे पाच हजार वाचवा." शेवटी नेहमीचं, प्रत्येक द्राक्ष बागायतदारापर्यंत पोचवा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या गृहस्थांचा, ज्यांची एकूण शेती म्हणजे बाल्कनीतला मनीप्लांट.

मेसेज ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सातही उपाय. एक, टाकीत पाणी भरून दोन किलो तुरटी टाका, रात्रभर ठेवा, जुन्या औषधाचं विष तळाला बसतं, सकाळी सोडून द्या. दोन, नोझल चोंदलं तर तोंडाने जोरात फुंका, नाहीतर तारेने मोकळं करा; भोक थोडं मोठं झालं तर फायदाच, औषध जास्त पडतं. तीन, पंपाचं ऑइल दुधासारखं दिसलं तर घाबरू नका, वरून पाव लिटर नवीन टाका. चार, पीटीओ शाफ्टचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोरावर ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्याचं प्लास्टिक कव्हर काढून टाका, ग्रीस मारणं सोपं जातं. पाच, प्रेशर जितकं जास्त तितकं औषध आतपर्यंत. सहा, पहिली टाकी नुसत्या पाण्याची मारा. सात, गाळण्या काढून ठेवा, चोंदायची कटकटच नको.

सहावा बरोबर आहे. बाकीचे बघू.

तुरटीपासूनच सुरू करतो, कारण या एका उपायाने अख्खा प्लॉट जाऊ शकतो. आधी हे समजून घ्या की सेकंडहँड ब्लोअर आज इतके सहज का मिळतात. अवकाळी, गारपीट, डाऊनी रोग, मजुरी, पडलेले भाव. दोन-तीन हंगाम असे लागोपाठ गेले की माणूस बाग तोडतो आणि तिथे मका लावतो. ब्लोअर अंगणात पडून राहतो, पण टाकी आणि पंप धडधाकट असतात. मग त्याच पंपाला होज (रबरी नळी) आणि गन जोडून मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं जातं. रुंद पानाचं तण जाळायला ते चांगलं औषध आहे, त्यावर माझा राग नाही. पण द्राक्षवेलही रुंद पानाचीच, आणि टू-फोर-डीला जी पिकं सगळ्यात नाजूक त्यांत द्राक्ष अगदी वरच्या नंबरावर. विकणारा सांगतो, "औषधाचाच होता, धुतलेला आहे." कुठल्या औषधाचा, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

आता तुरटी काय करते? पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटवून जड करते, म्हणून ते खाली बसतात. आजी घागरीत फिरवायची ती यासाठी. टू-फोर-डीचा क्षार तरंगत नसतो, तो पाण्यात विरघळलेला असतो. मिठाच्या पाण्यात तुरटी फिरवून बघा, पाणी गोड होतं का ते. वर आणखी एक गंमत अशी की तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं आणि आम्लधर्मी पाण्यात टू-फोर-डी उलट कमी विरघळतं. म्हणजे जे धुऊन निघालं असतं तेही चिकटून राहायची सोय. आणि मुळात ते टाकीच्या पाण्यात उरलेलंच नसतं. ते असतं होजच्या रबरात मुरलेलं, गाळणीच्या वाटीत, नोझलच्या पट्टीच्या बंद टोकाला, रेग्युलेटरच्या खोबणीत. तिथे तुरटी पोचणार कशी?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमचा ब्लोअर बंद पडला म्हणून शेजारच्या शिवारातून एक टाकी मागून आणली होती. "तीनदा धुतली" असं सांगितलं होतं, आणि धुतलीही असेल. अर्धा एकर थॉमसन जातीची द्राक्षं. पाच-सहा पानांवर असताना नवीन पान निघालं ते हातपंख्यासारखं: शिरा एकत्र गोळा झालेल्या, कडेला करवतीसारखे दाते, मधलं अंग आक्रसलेलं. शेंडे खाली वळलेले. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं झिंक कमी. आठ दिवस आम्ही झिंक मारत बसलो. त्या अर्ध्या एकरात घड जिरले, म्हणजे धरलेच नाहीत, आणि वेल सरळ व्हायला पुढची खरड (उन्हाळी) छाटणी यावी लागली.

तर करायचं काय? इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क देतो. त्याच उपायात शेवटी कंसात "सोडा पण चालेल" असं लिहिलंय, आणि धुण्याचा सोडा खरंच चालतो. सोड्याने किंवा अमोनियाने पाणी अल्कधर्मी होतं आणि टू-फोर-डी त्यात सुटून येतं. पण टाकीत ओतून रात्रभर झोपून जाण्याने नाही. आधी टाकीचा तळ उघडून सगळं काढा. थोडं थोडं साधं पाणी घेऊन तीनदा पंप चालवा, गन आणि सगळी नोझलं उघडी ठेवून. मग शंभर लिटरला साधारण अर्धा किलो सोडा विरघळवा, पंधरा मिनिटं आतल्या आत फिरवा, थोडं नोझलमधून काढा म्हणजे लाइनमध्ये सगळीकडे भरेल, आणि मग रात्रभर ठेवा. नोझल आणि गाळण्या काढून वेगळ्या बादलीत, त्याच पाण्यात. सकाळी सगळं नोझलमधूनच बाहेर, नंतर दोनदा साधं पाणी. हे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात नाही, पडीक जागेत. अमोनिया वापरणार असाल तर ब्लीचिंग पावडर जवळपासही नको, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. आणि होज जुन्या असतील तर सरळ बदला. तेलकट, म्हणजे ईस्टर प्रकारचं टू-फोर-डी रबरात एकदा मुरलं की सोड्यालाही दाद देत नाही. पिंपळगावला होज मीटरवर मिळते.

एवढं करूनही विश्वास ठेवू नका. टोमॅटोची चार रोपं घ्या, आपल्या भागात त्याला तोटा नाही. धुतलेल्या टाकीत पाणी भरून मशीन चालवा, ते पाणी रोपांवर मारा आणि आठवडाभर बघा. टोमॅटो टू-फोर-डीला फार हळवं. अंश असेल तर शेंडा आणि देठ पिळवटतात, बहुतेकदा दोन दिवसांतच.

निर्यातवाल्यांसाठी आणखी एक. ज्या औषधाच्या अंशाला युरोपात वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात कसे अडकले होते ते जुन्या बागायतदारांना विचारा. आधीच्या मालकाने टाकीत काय काय कालवलं ते तुमच्या द्राक्षांच्या तपासणी रिपोर्टमध्ये उमटू शकतं. तिथे 'आम्ही मारलंच नाही' हे कुणी ऐकत नाही.

नोझल तोंडाने फुंकणे. यावर मी चिडणार नाही असं ठरवलं होतं. केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाची, फरिदाबादच्या ऑफिसची, कीटकनाशकं वापरताना काय करावं आणि काय करू नये अशी एक साधी यादी आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकू नका. जुना टूथब्रश पंपालाच बांधून ठेवा आणि त्याने साफ करा. त्याच यादीत हेही आहे की तणनाशकाला आणि कीटकनाशकाला एकच पंप वापरू नका, आणि गळका, नादुरुस्त पंप वापरू नका. म्हणजे या मेसेजमधला निम्मा मूर्खपणा सरकारने आधीच एका कागदावर खोडून ठेवलाय. तो कागद फुकट आहे, पण फॉरवर्ड कोण करतो? २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती माणसं फवारत होती. इथे तर ओठ लावायला सांगताहेत.

आणि ते तारेने भोक मोठं करणं. जास्त औषध पडणं हा फायदा कसा, ते मला कुणीतरी समजावून सांगा. बुधवारी मी मेव्हण्याकडे गेलो तेव्हा प्रत्येक नोझलखाली एक मिनिट मोजपात्र धरून बघितलं. त्याच मापाचं नवं नोझल त्याच दाबाला दीड लिटर देत होतं. आधीच्या मालकाने कोचलेली दोन होती, एक १.८ आणि एक जवळपास दोन लिटर. बाराच्या बारा १.८ ची असती तर मिनिटाला अठराच्या जागी साडेएकवीस लिटर गेले असते, आणि तेहतीस मिनिटांची टाकी अठ्ठाविसाव्या मिनिटाला रिकामी. औषधाची बाटली त्याच हिशोबाने. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त द्यायला लागलं की नोझल फेकायचं, हा जगभरचा साधा नियम. मेव्हण्याचं म्हणणं, "दाजी, दोनच तर आहेत." हो, पण ती दोन ज्या उंचीला आहेत त्याच पट्ट्यात प्रत्येक वेलीवर जास्त बसणार, आणि बाकी ठिकाणी कमी पडून भुरी रोग.

दुधाळ ऑइल: पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय आणि औषधाचं पाणी ऑइलमध्ये शिरलंय, एवढाच त्याचा अर्थ. वरून ऑइल टाकणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. तसंच चालवलं तर बेअरिंग आणि क्रँक गंजून बसतात, आणि शेकड्यांचं काम हजारांवर जातं. सगळे डायफ्राम एकदम बदला, ऑइल पूर्ण काढून नवीन भरा.

पीटीओचं कव्हर. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी, शर्टाची बाही सापडली तर "बंद कर" म्हणेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ग्रीस मारायला दोन मिनिटं लागतात, ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात घालून. कव्हर फुटलेलं असेल तर नवं बसवा. यावर आणखी बोलत नाही.

प्रेशरबद्दल एवढंच की ब्लोअरमध्ये औषध पानांपर्यंत नेतो तो पंखा, पंप नव्हे. दाब वाढवला की थेंब धुक्यासारखा बारीक होतो आणि वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या ओट्यावर जातो. पंख्याची पाती साफ आहेत का, बेल्ट सैल आहे का, ते बघा. गाळण्या काढून ठेवण्याचा उपाय ज्याने लिहिला त्याने बोर्डो, म्हणजे चुना-मोरचुदाचं मिश्रण, कधी कालवलेलं नाही, हे नक्की.

राहिला सहावा. पहिली टाकी पाण्याची, हे बरोबर, आणि नाइलाजाने मान्य करतो की एवढ्या कचऱ्यात ही ओळ कुणीतरी शहाण्याने घातली असणार. फक्त नुसतं पाणी मारून "छान उडतंय" म्हणू नका. पाणी पडलं की पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो, तो खाली, मध्ये, वर, पानांच्या दोन्ही बाजूंना टाचा. एक ओळ चालवा आणि ठिपके बघा. मेव्हण्याच्या ब्लोअरचा डावीकडचा वरचा कागद पिवळाच्या पिवळा राहिला होता. पट्टीत आत कुठेतरी वाळलेल्या चुन्याचा खडा अडकलेला निघाला, वाटाण्याएवढा.

बुधवारी संध्याकाळी त्याने सोड्याचं पाणी भरलं. गुरुवारी टाकी धुऊन टोमॅटोच्या चार रोपांवर पाणी मारलं. शनिवारी सकाळी फोटो आला, खाली एक शब्द नाही. दोन रोपांचे शेंडे गायीच्या शिंगासारखे वळले होते. दुपारी तो होज आणायला पिंपळगावला गेला. तुरटीची पिशवी आमच्या सासूबाईंनी घागरीसाठी ठेवून घेतली आहे.