मालक आहेत का घरात?

आपल्याच फाटकात, आपल्याच गाडीखाली उताणे पडलेल्या माणसाला कोणी "ओ मिस्त्री, मालक आहेत का घरात?" असे विचारले तर त्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार मी रविवारपासून करतो आहे.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. खड्ड्यागणिक पुढून खडखड येऊ लागली आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग एका अंगाला ओढू लागले, तेव्हा सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या रचनेच्या, आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) संपले हे उघड होते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या अवजाराने स्प्रिंग दाबून, जीव मुठीत धरून आर्म उतरवले, तर आतले रबर शिळ्या पिठल्याच्या खपल्यांसारखे नखाला येत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली, त्यामुळे हे नवे बुश मिळवताना किती दुकानदारांचे शहाणपण ऐकावे लागले, ते इथे सांगत नाही.

प्रश्न विचारणारे गृहस्थ पांढऱ्या टोपीतले होते आणि हातात पिशवी होती, हे मागाहून कळले. मला गाडीखालून दिसत होत्या त्या फक्त त्यांच्या चपला, पण त्या हलण्याचे चिन्ह दिसेना. मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी आवाज खाली आणून हिताचा सल्ला दिला : "मजुरी आधी मोजून घ्या बरं का मिस्त्री. असली गाडी बाळगणारा माणूस चिकट असतोय. काम झालं की उद्या या म्हणंल."

मी साबणाच्या पाण्यात बुडवलेला बुश हातात घेतला, तेव्हा ते कळवळले. "पाणी काय लावताय? ग्रीस लावा की चांगलं चमचाभर!" ग्रीसने नैसर्गिक रबर फुगते आणि लवकर कुजते, हे मी चाकाआडून समजावले. त्यावर, ग्रीस वाचवून मिस्त्री लोक ते घरी नेतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे मी आर्मचे बोल्ट नुसते हाताने फिरवून सोडले, तेव्हा तर त्यांचा संयमच सुटला. गाडी चाकांवर उभी राहून तिचे वजन बुशवर आल्यानंतरच बोल्ट पक्के आवळायचे असतात, कारण चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते, हे मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितले. "अर्धवट काम ठेवायची ही तुमची जुनी रीत," ते म्हणाले.

एवढ्यात आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. "मालक कुठं गेलेत, वहिनी?" या प्रश्नावर त्यांनी माझ्या पायांकडे एकदा पाहिले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने "बाहेरगावी" असे सांगितले. कप अर्थातच दोनच होते, आणि दुसरा त्यांचा स्वतःचा होता.

ज्यांचे नाव आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली. तेव्हा निदान सांगलीकराने तरी या गाडीला भंगार म्हणू नये, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. "भंगारवाला ओळखीचा हाय, मालकांना सांगा," असे म्हणून गृहस्थ गेले.

संध्याकाळी गाडी खाली उतरवून बोल्ट आवळले, दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि परत येताना, एक आवाज न करता चाललेली गाडी आमच्या चौकातल्या गतिरोधकावर धाडकन आदळली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, त्याच्या अलीकडे फलक असावा आणि वर रंगाचे पट्टे असावेत. आमचा गतिरोधक म्हणजे रात्रीतून ओतलेला डांबराचा अरुंद, उंच बांध असून, रंगाचा त्याला अद्याप स्पर्श नाही. बुश खाणारे हे कारखाने गल्लोगल्ली निघाले आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एखादे दुकान किंवा एखादे वजनदार घर आहे. संबंधित कार्यालयात तक्रार घेऊन गेलो, तर तो गतिरोधक कागदोपत्री अस्तित्वातच नसल्यामुळे काढता येणार नाही, असे मला सांगण्यात आले.