आधी खाटेखालची जागा मोकळी करा

प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवले, किंवा वर्षभर उत्तरच दिले नाही, म्हणून खचून जाऊ नका. प्रकाशकाशिवायही पुस्तक निघते. त्याच्याकडे संपादक, मुद्रितशोधक, मांडणीकार, विक्रेता आणि गोदामवाला अशी पाच माणसे असतात. आता ती पाचही तुम्हीच, बिनपगारी. त्यातली चार कामे गाळली की फारसा त्रास उरत नाही.

सुरुवात संपादकाला गाळण्यापासून करावी. चुकलेल्या शब्दाखाली संगणक लाल रेघ ओढतोच. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे तिथे रेघ येणार नाही, तेव्हा तुमच्या पुस्तकात स्वातंत्र्य दीन खुशाल साजरा होऊ द्या. तिसऱ्या प्रकरणात वारलेले काका नवव्यात लग्नाला हजर राहतात, हेही संगणक पकडत नाही. समीक्षक त्याला जादुई वास्तववाद म्हणतील.

आता मार्ग निवडा. सर्वांत आरामाचा मार्ग म्हणजे ‘सहयोगी प्रकाशन’. यात सहयोग असा, की पैसे तुम्ही द्यायचे आणि पावती त्यांनी. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पॅकेजे असतात. प्लॅटिनममध्ये तुमचे अभिनंदन जास्त मोठ्या अक्षरात होते. करार वाचू नका. हक्क किती वर्षांसाठी दिले, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क कुणाकडे, करार मोडल्यावर मुखपृष्ठ आणि मांडणीच्या फाइली तुम्हाला मिळणार का, अमुक इतक्या प्रती लेखकाने विकत घ्याव्यात अशी अट आहे का, हे विचारणारा लेखक फार व्यवहारी दिसतो.

स्वतः छापायचे असेल तर एकदम हजार प्रती काढा. ऑफसेट छपाईत, म्हणजे पानांच्या प्लेट बनवून यंत्रावर एकगठ्ठा छापण्यात, प्लेट बनवण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच होतो, म्हणून प्रती वाढतील तशी एका प्रतीची किंमत उतरते. हिशेब बिनचूक आहे. फक्त न विकलेल्या प्रती त्यात धरलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी खाट आहेच. मागणीनुसार छपाईत, म्हणजे प्रिंट ऑन डिमांडमध्ये, प्रत महाग पडते, पण मागणी आली की तेवढीच छापतात. मग पाहुण्यांना दाखवायला गठ्ठे कुठून आणणार? शिवाय पृष्ठसंख्या 162 ठेवा. 16 पृष्ठांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा मोठा कागद, धरला तर दोन पृष्ठांसाठी अकरावा फर्मा चढतो आणि शेवटी 14 पृष्ठे कोरी राहतात. वाचकाला चिंतनासाठी.

मांडणी वर्ड फाइलमध्ये, चारही बाजूंना सारखा समास सोडून करा. अमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतःच पुस्तक काढायच्या सेवेवर, 151 ते 300 पृष्ठांच्या पुस्तकाला शिवणीकडे निदान अर्धा इंच समास लागतो. इतरत्र कुणी अडवले नाही, तर ओळींची टोके शिवणीत जातील आणि वाचक पुस्तक उलगडता उलगडता त्याची पाने सुटी करील. पुस्तक 79 पृष्ठांहून लहान असेल तर केडीपी कण्यावर नाव छापू देत नाही. कणाच तेवढा जाड नसतो. हा त्यांचा तुमच्यावरचा रागच समजा.

ई-पुस्तकासाठी छपाईचीच पीडीएफ चढवा. मोबाइलवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचक प्रत्येक ओळीमागे बोट डावीकडून उजवीकडे फिरवतो; तेवढाच व्यायाम. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर दुधात साखर. ईपब, म्हणजे पडद्याप्रमाणे ओळी जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल, करताना ‘प्रेम’ या शब्दाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे उमटतात, आणि त्यातले उद्गारचिन्ह तरी प्रसंगाला शोभते.

केडीपीवर ई-पुस्तकाचे मानधन ठरवताना 70 टक्क्यांच्या पर्यायावर डोळे मिटून टिचकी मारा. त्यासाठी किमतीची ठरावीक मर्यादा पाळावी लागते आणि फाइलच्या आकारानुसार वितरणखर्च कापला जातो. 35 टक्क्यांच्या पर्यायात तो कापत नाहीत. म्हणून प्रवासवर्णनात फोटो मूळ आकारातच घाला. केडीपी सिलेक्ट या त्यांच्या एकनिष्ठेच्या योजनेतही नाव नोंदवा. तिथे 90 दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. संपूर्ण कादंबरी तुमच्या ब्लॉगवर आहे, हे तेवढे विसरून जा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, एकच घ्या आणि कागदी, पुठ्ठा बांधणी, ईपब अशा सगळ्यांवर तोच डकवा. प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक असतो. पण 13 आकड्यांचा एक पाठ करतानाच दमछाक होते. मग घरच्या सात जणांना पाच-पाच तारे द्यायला बसवा. अमेझॉन नातलगांचे अभिप्राय नियमाने काढून टाकते, तेव्हा आत्याने ‘लेखकाला मी ओळखत नाही, पण लहानपणापासून हुशार’ असे लिहिलेले बरे.

चाचणीची प्रत मागवू नका. ती मागवली की मलपृष्ठावर तुमचेच नाव चुकलेले दिसते आणि प्रकाशन समारंभ पुढे ढकलावा लागतो. त्यापेक्षा हजार प्रती येऊ द्या आणि प्रत्येकीत शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवा. चिठ्ठीचे प्रूफ मात्र कुणाला दाखवू नका.