दहा सामन्यांत हंगाम ठरतो म्हणे!

फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना-सव्वा महिना झाला की दरवर्षी कुठून तरी एक संदेश फिरू लागतो. यंदा तो भाच्याने मला पाठवला आणि वर शेरा मारला, ‘मामा, वाच, यात सगळं सिद्ध केलंय.’ त्याच्या लाडक्या संघाची सुरुवात वाईट झाली आहे (कोणता संघ ते सांगत नाही, पोराला आधीच पुरेसे टोमणे बसले आहेत), त्यामुळे संदेशातले प्रत्येक वाक्य त्याला आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटते. संदेशात पाच ‘नियम’ आहेत. दहा सामन्यांनंतर पहिल्या चारांत नसलेला संघ विजेता होऊच शकत नाही, हा पहिला. सुरुवात बिघडली की प्रशिक्षक ताबडतोब बदलावा, हा दुसरा. नवा खेळाडू महिनाभरात चमकला नाही तर चाहत्यांनी त्याला जाहीरपणे सुनवावे, म्हणजे लाजेने तरी तो सुधारतो, हा तिसरा. दुखापती ही केवळ सबब असते आणि सरावाच्या सामन्यांवरूनच पुढचे सगळे कळते, हे उरलेले दोन.

पहिला नियम खोटा ठरवायला एकच हंगाम पुरेसा आहे, आणि तो इतका गाजलेला आहे की संदेश लिहिणाऱ्याने तो ऐकलाच नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. इटलीच्या सेरी ए या अव्वल साखळी स्पर्धेचा २०१५-१६ चा तक्ता उघडून पाहावा. सलग चार वर्षे विजेता ठरलेला युव्हेंटस पहिलाच सामना घरच्या मैदानावर उदिनेसेकडून ०-१ असा हरला, दुसरा रोमाकडून १-२ असा हरला, आणि सप्टेंबरमध्ये त्याने फ्रोझिनोनेसारख्या नवख्या संघाला घरच्या मैदानावर बरोबरी करू दिली. फ्रोझिनोने तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा या स्तरावर खेळत होता. त्याचा बरोबरीचा गोल नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर कॉर्नरवरून डोक्याने झाला आणि त्या क्लबला सेरी एमधला पहिलावहिला गुण मिळाला. २८ ऑक्टोबरला सासुओलोने फ्री किकवरच्या एका गोलाने युव्हेंटसला हरवले. त्याच सामन्यात युव्हेंटसच्या किएलिनीला लाल कार्ड मिळाले, आणि सामना संपल्यावर संघातलेच ज्येष्ठ बुफॉन आणि एव्हरा यांनी आपल्याच सहकाऱ्यांची जाहीर हजेरी घेतली. दहा सामने, तीन विजय, तीन बरोबरी, चार पराभव, गुण १२, स्थान बारावे. अग्रस्थानी असलेला रोमा ११ गुणांनी पुढे.

त्यानंतर तीनच दिवसांनी तोरिनो या त्याच शहरातल्या संघाविरुद्धच्या लढतीत १-१ अशी बरोबरी असताना युव्हेंटसच्या क्वाद्रादोने ९३ व्या मिनिटाला गोल केला, आणि तिथून युव्हेंटसने सलग १५ सामने जिंकले. त्यातला पंधरावा फेब्रुवारीत नापोलीविरुद्ध होता. ८८ व्या मिनिटाला झाझाच्या एका गोलाने तो जिंकून युव्हेंटस पहिल्या स्थानावर गेला. उरलेल्या २८ सामन्यांत २६ विजय, एक बरोबरी आणि एक पराभव, तोही विजेतेपद निश्चित झाल्यावर. शेवटी गुण ९१, दुसऱ्या क्रमांकावरच्या नापोलीपेक्षा ९ जास्त. आणि दहा सामन्यांनंतर पहिला असलेला रोमा? त्याने जानेवारीत आपला प्रशिक्षक रुडी गार्सिया याला काढून टाकले आणि हंगाम तिसऱ्या क्रमांकावर संपवला.

गुणतालिका खोटे बोलत नाही हे खरे, पण ती कारणही सांगत नाही. जून २०१५ मध्ये बर्लिनला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत हरल्यानंतर पिर्लो, विदाल आणि तेवेझ हे तिघेही एकाच उन्हाळ्यात संघ सोडून गेले होते. त्यांच्या जागा भरायला आलेल्यांपैकी खेदिरा आणि जुन्यांपैकी मार्किझिओ, म्हणजे मधल्या फळीचा कणाच, सुरुवातीचे कित्येक आठवडे दुखापतीमुळे बाहेर होता. (‘दुखापत ही सबब असते’ या नियमाचे उत्तर इथेच मिळाले, त्यासाठी वेगळा परिच्छेद खर्च करत नाही.) हाच संघ त्याच सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला जाऊन सिटीला २-१ ने हरवून आला होता, म्हणजे खेळाडूंना खेळ येत नव्हता असे नाही, त्यांची एकमेकांशी घडी बसायची होती. शिवाय साधा हिशेब आहे: विजयाला तीन गुण, म्हणजे ३८ सामन्यांत ११४ गुण पणाला लागतात आणि दहा सामन्यांत त्यातले फक्त ३०. उरलेले ८४ कुणीतरी मिळवणारच असतो.

दुसऱ्या नियमासाठी संदेशाने क्रिस्टल पॅलेस या इंग्लिश क्लबचा दाखला दिला आहे आणि तो मोठ्या चतुराईने अर्धाच सांगितला आहे. २०१७ मध्ये पॅलेसने पहिले चार लीग सामने एकही गोल न करता हरल्यावर प्रशिक्षक फ्रँक डी बोअरला काढले, रॉय हॉजसन आले आणि संघ अकराव्या क्रमांकावर पोहोचला, इतके त्यात आहे. ते खरेही आहे. हॉजसन यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाने त्या संघाला शिस्त लावली हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण मधले तीन सामने कुठे गेले? हॉजसन आल्यानंतरचे पहिले तीन लीग सामनेही पॅलेस हरला, ०-१, ०-५ आणि ०-४ असे, आणि त्यांतही संघाचा एकही गोल नव्हता. पहिला गोल आणि पहिला विजय आठव्या सामन्यात आला, तोही गतविजेत्या चेल्सीविरुद्ध, आणि त्या दिवशी पहिल्याच सामन्यात जायबंदी झालेला विल्फ्रेड झाहा मैदानात परतला होता व त्याने गोलही केला. प्रशिक्षक बदलल्याचा गुण आला की झाहा बरा झाल्याचा, हे ज्याला ठामपणे सांगता येते त्याने अवश्य सांगावे. संदेश लिहिणाऱ्याला मात्र तो प्रश्न पडलेलाच दिसत नाही.

आता तिसरा नियम, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे. तो वाचून माझ्या भाच्याने आपल्या संघातल्या एका नव्या, वीस वर्षांच्या खेळाडूच्या फोटोखाली लिहिले होते, ‘आमचा हंगाम खाल्लास, आलास तिथे परत जा.’ त्याने मला ते अभिमानाने दाखवले. मी फोटो मोठा करून पाहिला. तो सामन्याचा नव्हता. त्यात तो मुलगा आजीच्या वाढदिवसाला तिच्या खुर्चीमागे उभा होता. खाली आमच्या पठ्ठ्याच्या ओळीच्या मागेपुढे तशाच ओळी, आणि काहींमध्ये आजीचाही उद्धार. पंधरा वर्षांच्या मुलाला हे ‘संघावरचे प्रेम’ वाटू लागते ते असल्या नियमांमुळे. लाजेने खेळ सुधारतो याला पुरावा म्हणून संदेशात एकही नाव नाही, आणि ते असणार तरी कुठून? दिबाला २१ व्या वर्षी पालेर्मोहून युव्हेंटसमध्ये आला तेव्हा त्याची मूळ किंमतच ३ कोटी २० लाख युरो होती आणि पहिल्या महिन्यांत तो बऱ्याचदा राखीव खेळाडूंमध्ये बसलेला दिसे. प्रशिक्षक अॅलेग्री यांनी त्याला हळूहळू आत घेतले. एवढा पैसा कशासाठी ओतला, असे विचारणारे तेव्हाही होतेच. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर लीगमध्ये १९ गोल होते. महिनाभराच्या कसोटीवर तो नापास ठरला असता आणि आमच्या भाच्यासारख्या कुणीतरी त्यालाही परतीची वाट दाखवली असती. भाच्याने ती ओळ काढून टाकली आहे. मी सांगितल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी.

सरावाच्या सामन्यांबद्दल काय बोलावे? ज्या सामन्यात मध्यंतरानंतर अर्ध्याहून अधिक संघ बदलला जातो, त्याच्या निकालावरून मे महिन्याचे भाकीत करणाऱ्याने खुशाल करावे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. संदेशाच्या शेवटी चेल्सीचे उदाहरण आहे आणि ते माझ्या बाजूचे नाही. २०१५-१६ च्याच हंगामात गतविजेता असलेला चेल्सी पहिल्या १६ सामन्यांपैकी ९ हरला, डिसेंबरमध्ये प्रशिक्षक मोरिन्यो यांना जावे लागले आणि संघ अखेर दहाव्या क्रमांकावर राहिला. काही वाईट सुरुवाती खरोखरच वाईट असतात, तिथे वाट पाहून काही हाती लागत नाही. पण पुढच्याच हंगामात हाच चेल्सी आर्सेनलकडून ०-३ असा हरला, सहा सामन्यांत १० गुण घेऊन आठव्या स्थानावर घसरला, आणि नव्याने आलेले प्रशिक्षक कोंते यांनी बचावात तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) खेळवायला सुरुवात केल्यावर लीगमधले पुढचे १३ सामने सलग जिंकून ९३ गुणांसह विजेता झाला. संदेशात चेल्सीची गोष्ट डिसेंबर २०१५ मध्येच थांबते.