एक तास चाळीस मिनिटांचा फरक

यंदा आमच्याकडे दहावी आहे. परीक्षेला लेक बसणार आहे, पण दहावी गोवरासारखी असते. एकाला झाली की सगळ्या घराला पथ्य. एप्रिलपासून टीव्हीवर चादर आहे. मावसभावाच्या लग्नाला आम्ही आहेर पाठवला, माणूस पाठवलं नाही. संध्याकाळी सहा ते आठ कुकरला शिट्टी मारायची परवानगी नाही.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघतो. आमच्याकडे कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. एकदा रात्री पावणेनऊला तो चहाच्या बिलात सापडला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यामुळे पालकसभेत बाई जेव्हा म्हणाल्या की मुलांना वेळेचं नियोजन शिकवा, तेव्हा बाकीचे पालक नुसत्या माना डोलवत होते आणि मला स्फुरण चढलं होतं. वेळ म्हणजे काय, एक खातंच की!

रविवारी आंघोळ करून खतावणीचा कोरा कागद पुढे ओढला. जमेची बाजू सोपी: २४ तास. आरंभीची शिल्लक शून्य. (काल वाचवलेला वेळ आज पुढे ओढता येत नाही, ही या खात्याची मोठीच गैरसोय.) मग नावे बाजू. झोप सात तास. शाळा, जाण्यायेण्यासकट सात. क्लास, विश्रामबागेपर्यंत सायकल धरून तीन. घरचा अभ्यास तीन. आंघोळ, जेवणखाण दीड तास. पेटीचा रियाझ पन्नास मिनिटं. तो बंद करायचा ठराव मी मांडला होता, पण आईनं, म्हणजे लेकीच्या आजीनं, तो हाणून पाडला.

बेरीज आली २२ तास २० मिनिटं.

पुन्हा केली. खालून वर केली. कॅल्क्युलेटरवर केली. फरक एक तास चाळीस मिनिटांचा, तोही रोजचा. आठवड्याला अकरा तास चाळीस मिनिटं कुठे जातात याचा घरात कुणालाच पत्ता नाही! ऑफिसात एवढा फरक निघाला असता तर ऑडिटर मुक्कामालाच आला असता. तूर्त मी ती रक्कम सस्पेन्स खात्याला, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात त्या खात्याला, टाकली आणि संशयिताला बोलावलं. संशयित म्हणजे अर्थात मोबाइल. लेकीनं मुकाट्यानं दिला. दिवसभरातला वापर निघाला ३८ मिनिटं, त्यातली तीस क्लासच्या ग्रुपवर, जिथे सर रात्री दहाला गृहपाठाचे फोटो टाकतात. उरलेल्या आठ मिनिटांत ती मावशीशी बोलली होती. संशयित निर्दोष सुटला. मला वाईट वाटलं.

तोवर जुलै उजाडला. पाणी किती चढलं हे सांगलीकराला फुटांत कळतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. लेकीच्या तुंबलेल्या अभ्यासालाही आम्ही तेच माप लावलं. मी दुपारी ऑफिसातून फोन करायचो.

"पातळी किती?"

"बेचाळीस. भूमितीचा विसर्ग वाढवलाय."

"कोयनेतून?"

"सरांनी."

गणिताचे भाग एक आणि भाग दोन असे दोन पेपर, विज्ञानाचेही दोन, प्रत्येकी चाळीस गुणांचे. म्हणजे एका विषयाचे दोन शिक्षक, दोन वह्या आणि दोघांचाही समज असा, की पोरीला बाकी काही कामच नाही. टक्केवारी काढताना बोर्ड सहापैकी चांगले पाच विषय धरतं. त्यावर लेकीचा प्रश्न होता, "बाबा, मग आठवड्यातले चांगले सहा दिवस धरले तर नाही चालणार?" मी या अर्जावर अजून शेरा मारलेला नाही.

मग मी टोमॅटो मागवला. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना, तेव्हा त्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टाइमर समोर ठेवला. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी. त्याच्या भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच पडलं. आमच्या टोमॅटोचा पहिला परिणाम स्वयंपाकावर झाला. तो किणकिणला की ही सवयीनं उठून गॅस बंद करायची. दोन दिवस आमटीतली डाळ दाताखाली येत होती. मी तक्रार केली नाही. दहावीच्या वर्षात करू नये.

आईनं तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "पंचवीस मिनिटं? ही तर आपली घटिकाच की. एक मिनिट वाढवून विकतात होय?" मग तिनं नातीला घटिकापात्र समजावून सांगितलं: तळाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, भरून बुडाली की झाली घटिका. चोवीस मिनिटं. लग्नाचा मुहूर्त असाच धरायचे. लेकीनं लगेच हिशेब केला. दिवसाच्या साठ घटिका, साठ चोवीस चौदाशे चाळीस, मिनिटं बरोबर जुळली. पंचविसानं भागलं तर पंधरा मिनिटं बाकी उरते. खरं सांगतो, हिशेबनीस म्हणून मी मनातल्या मनात वाटीच्या बाजूनं झालो. पण वाटीला पैसे पडले नव्हते आणि टोमॅटोला पडले होते, त्यामुळे टोमॅटोच चालू ठेवला.

फरक मात्र तसाच. मी रोज रात्री जेवणानंतर लेकीला समोर बसवून त्याचा छडा लावत होतो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आठवडाभर मी स्वतः नोंदी ठेवते. मग बघू."

पुढच्या रविवारी तिनं चौकटीच्या वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. रोजची सरासरी काढली होती, अक्षर सुरेख. शोधाशोध (कंपास, जर्नल, चष्मा) १५ मिनिटं. जिन्यात काकू, 'किती टक्के पडतील?', १०. आई, 'आज डबा का उरला?', १०. नुसतं बसणं, २०. बाबा, वेळेचं महत्त्व, ४५.

एकूण शंभर मिनिटं. पैशाचाही फरक नाही.

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यापुढे इतका स्वच्छ ताळमेळ कुणी ठेवला नव्हता. मी पंचेचाळीसकडे बघायचं टाळून वीसवर बोट ठेवलं. "नुसतं बसणं म्हणजे काय? हा काय खर्च झाला?"

"असू दे की," आई म्हणाली. "तू दहावीला तेवढंच करायचास."

"मी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलाय. चौऱ्याण्णव साली."

"वीज गेली की कंदील लावत होतो, खरंय. त्याच्या उजेडात तुम्ही पत्ते खेळत होतात."

घरात बहुमत कुणाकडे आहे ते एकदा कळलं की तडजोड लवकर होते. नुसतं बसणं कायम झालं. शोधाशोधीचं खातं बंद करायला लेक तयार झाली. काकूंना टाळण्यासाठी सायकल मागच्या फाटकातून काढायचं ठरलं. माझ्या पंचेचाळीस मिनिटांना वीस मिनिटांची कात्री लागली आणि वेळापत्रकात त्यांना रीतसर जागा मिळाली: रात्री नऊ ते नऊ पंचवीस, बाबा.

काल पहिला दिवस होता. लेक समोर येऊन बसली, टोमॅटो पिळून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हं, बोला." मी प्रस्तावना थोडक्यात आटोपली, वेळ आणि पैसा यांतलं साम्य सांगितलं, पतसंस्थेतली दोन उदाहरणं दिली आणि चौऱ्याण्णव सालाकडे वळलो. कंदील उचलणार एवढ्यात टोमॅटो वाजला.

लेक उठून अभ्यासाला गेली. हिनं स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला.