भिंतींनाही तेच तेल लागतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बंद होणाऱ्या चर्चविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की ख्रिस्तसभा म्हणजे माणसं, विटा नव्हेत. धर्मग्राम (म्हणजे एका चर्चशी जोडलेले स्थानिक भाविक) एकत्र झाल्यावर जुन्या इमारतीसाठी हळहळणं हा मोह आहे, असंही तुमचं म्हणणं. तुमच्याकडे असं विलीनीकरण झालं तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही.

ख्रिस्तसभा म्हणजे माणसं, हे मलाही मान्य आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्यात, म्हणजे 1983च्या धर्मविधानात, धर्मग्रामाची व्याख्याच मुळी ‘भाविकांचा समुदाय’ अशी आहे. पण चर्चचा समर्पणविधी एकदा आठवून पाहा. बिशप वेदीवर क्रिझम हे पवित्र तेल ओततात आणि मग भिंतींवर 12 किंवा 4 जागी तेच सुगंधी तेल लावतात. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या माथ्याला लागतं, तेच हे तेल. विटा नुसत्या विटाच असत्या तर हा विधी कशाला ठेवला असता? ज्या समाजाची मुलं तिथे न्हाऊन निघाली, ज्याची लग्नं तिथे लागली, ज्याच्या शवपेट्या तिथून निघाल्या, त्या समाजासाठी ती जागा आठवणींच्याही पलीकडची असते.

समर्पणानंतर चर्चचं नाव बदलता येत नाही (धर्मविधानाचं कलम 1218). धर्मग्रामाला नवं नाव मिळालं तरी जुन्या चर्चचा संत तोच राहतो. म्हणूनच धर्मग्राम विलीन झाला की चर्चला आपोआप कुलूप लागत नाही. त्यासाठी कलम 1222 वेगळं आहे: गंभीर कारण हवं, धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घ्यावं लागतं आणि भाविकांच्या आत्मिक हिताला बाधा येता कामा नये. 2013 साली रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, बिशपांना हा फरक पुन्हा समजावून सांगितला.

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सिच्युएटमधलं चर्च 2004 साली बंद करायचं ठरलं, तेव्हा तिथले भाविक आलटूनपालटून रात्रंदिवस आत राहिले, थेट मे 2016पर्यंत. शेवटी त्यांना निघावंच लागलं. हट्ट फार ताणला गेला, असं तुम्ही म्हणाल. ताणला गेला असेलही. जागेवरच्या प्रेमातून बिशपांशी दुरावा येतो, तो धोका मी नाकारत नाही. पण अकरा वर्षं माणसं बाकांवर झोपली ती नुसत्या मालमत्तेसाठी, हे मला पटत नाही.

तुमच्याकडे कुणी हरकत घेतली नाही, असं तुम्ही म्हणता. कुलूप लावण्याआधी त्यांना कुणी विचारलं होतं का, हे जमलं तर जरूर कळवा.