नावडतीचे मेल अळणी

लेखापरीक्षकांचे मेल संचालकांपर्यंत का पोहोचले नाहीत, याचा लेखी खुलासा माझ्याकडून मागवण्यात आला, आणि मी दिलेला पहिला खुलासा 'तांत्रिक शब्दांच्या आड लपणारा' असा शेरा मारून परत पाठवण्यात आला. आमच्या कचेरीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. म्हणजे तो सुरळीत चालतो तेव्हा कचेरीचा असतो आणि काही बिघडले की माझा होतो. दुसऱ्या खुलाशातही मी तेच लिहिले, फक्त 'सबब' आणि 'सदरहू' हे शब्द जागोजागी पेरले. तो मंजूर झाला.

त्यात जे मावले नाही ते असे. आमच्याकडे स्पॅम, म्हणजे न मागता आलेले नकोसे मेल, वेगळे काढणारी स्पॅमअसॅसिन नावाची गाळणी आहे. ती आलेल्या प्रत्येक मेलला नियमांनुसार गुण देते आणि गुणांची बेरीज ५ झाली की ते मेल जंक नावाच्या अडगळीच्या फोल्डरमध्ये जाते. जास्त गुण मिळवणारा नापास होतो अशी ही परीक्षा आहे. नेमून दिलेल्या नियमांखेरीज ही गाळणी अनुभवानेही शिकते. कोणता शब्द नको असलेल्या मेलांत किती वेळा आला आणि हव्या असलेल्या मेलांत किती वेळा, याचा हिशेब ठेवून ती नवे मेल स्पॅम असण्याची शक्यता काढते. या गणिताच्या मुळाशी थॉमस बेज या इंग्लंडमधील पाद्र्याचा, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध आहे, आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञांनी स्पॅमवरचा उपाय म्हणून त्याचा जोरदार पुरस्कार केला. मात्र निदान २०० वाईट आणि २०० चांगले नमुने दाखवल्याशिवाय स्पॅमअसॅसिनचा हा भाग तोंड उघडत नाही. हे नमुने लोकांकडून मिळावेत म्हणून मी परिपत्रक काढले: न मागता आलेले मेल जंक फोल्डरमध्ये हलवावे, चुकून तिथे गेलेले चांगले मेल बाहेर काढावे, बाकीचे रात्री यंत्र पाहून घेईल.

परिपत्रक एकाच माणसाने मनापासून वाचले. लेखा विभागात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. इतर मंडळी स्पॅम आले की ते तिथल्या तिथे डिलीट करतात, म्हणजे त्यातून गाळणी काहीच शिकत नाही. अण्णा मात्र रोज चष्मा पुसून, एकेक मेल उघडून, निष्ठेने वर्गीकरण करतात. परिणामी आमच्या सामायिक गाळणीचे शिक्षण जवळजवळ संपूर्णपणे अण्णांच्या हातून झाले. लेखापरीक्षकांच्या हरवलेल्या मेलाचे गुण मी उलगडून पाहिले, तेव्हा किरकोळ नियमांचे १.९ आणि बेजच्या खात्याचे ३.५ अशी ५.४ ची बेरीज निघाली. यंत्राला त्या मेलाविषयी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक खात्री होती. मी अण्णांच्या टेबलाशी गेलो.

"अण्णा, रजा नामंजूर झाल्याची मेलं तुम्ही जंकमध्ये टाकलीत?"

"मग कुठं टाकू? देव्हाऱ्यात?"

"पण ती स्पॅम नाहीत हो."

अण्णांनी खण उघडला. माझ्या परिपत्रकाची छापील प्रत बाहेर काढली; तिच्यावर लाल पेन्सिलीने खुणा होत्या आणि कोपऱ्यात आवक क्रमांकही टाकलेला होता. "हे तुमचंच लिखाण ना? 'न मागता आलेले.' मी रजा मागितली होती. नकार मागितला नव्हता."

"बरं, आणि लेखापरीक्षकांची?"

"त्यांना मी बोलावलं होतं का? 'प्रलंबित', 'त्वरित', 'खुलासा करावा'. ही काय सभ्य माणसाची भाषा झाली?"

"आणि विवाहसंस्थेची मेलं? तिथं तर तुम्ही स्वतःच नाव नोंदवलं होतं."

"मुलीचं जमलं की दिवाळीत. आता रोज कशाला स्थळं पाठवतात?"

तेवढ्यात आवक-जावक विभागातला एक तरुण फाईल घेऊन आला. त्याच्यासाठी आईवडील जोरात मुली पाहत होते आणि गेल्या काही महिन्यांत एकही स्थळ आले नाही म्हणून घरात त्याच्या पत्रिकेवर संशय घेतला जात होता. वडिलांनी त्याच्या नावाने शांतही करवून घेतली होती. शांत करायला हवी होती ती अण्णांची. मी त्यांना समजावले की गाळणी सर्वांची एकच आहे, त्यामुळे त्यांनी एकट्याने नाकारलेले सगळ्या कचेरीकडून नाकारले जाते. माझी अपेक्षा होती की ते ओशाळतील. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे या ऑफिसात माझं कुणीतरी ऐकतं म्हणा की!" असे म्हणून त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले. चहाचे पैसे मी दिले.

हे निस्तरणे सोपे असते तर मी हसून सोडून दिले असते. गाळणीला चुकीचा धडा विसरायला लावता येतो, पण त्यासाठी तेच मूळ मेल तिला पुन्हा दाखवावे लागते, आणि अण्णा दर शनिवारी केर काढावा तसा जंक रिकामा करतात. तिच्या वहीत हात घालून 'प्रलंबित' हा शब्द खोडावा म्हटले, तर तिथे शब्दच नसतात. त्यांच्यापासून बनवलेली, माणसाला न वाचता येणारी चिन्हे असतात. वही फाडून पुन्हा पहिल्या नमुन्यापासून सुरुवात करणे एवढेच उरले. ते मी एका रविवारी केले. रविवारची नोंद हजेरीपटात होत नाही.

प्रत्येकाला स्वतंत्र वही द्यावी, म्हणजे अण्णांचा राग अण्णांपुरता राहील, असाही प्रस्ताव मी बैठकीत मांडला आणि त्यासाठी प्रत्येकाने २०० चांगले मेल दाखवावे लागतील हेही सांगितले. साहेबांनी विचारले, "आपल्याकडं २०० चांगली मेलं येतात?" यावर सगळे हसले आणि प्रस्ताव बारगळला. याच स्पॅमअसॅसिनच्या एका नियमाला २०१० हे साल फार दूरच्या भविष्यातले वाटत असे, त्यामुळे १ जानेवारी २०१० ला ठिकठिकाणी निरपराध मेलांच्या गुणांत फुकटची भर पडू लागली होती. तेव्हा नियम दुरुस्त झाला. कोणा सर्व्हरवाल्याला 'सबब' लिहायला बसवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

बैठकीत अखेर ठरले ते असे की गाळणीला शिकवण्यापूर्वी जंकमधील प्रत्येक मेल माणसाने तपासावे. तो माणूस मी. देखरेखीसाठी समितीही नेमली गेली आणि वर्गीकरणाचा दांडगा अनुभव लक्षात घेऊन अण्णा तिचे अध्यक्ष झाले. आता रोज संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी परदेशी लॉटऱ्या, वजन घटवण्याची चूर्णे आणि अण्णांचा पत्रव्यवहार वाचतो. हा उद्योग यंत्राच्या गळ्यात बांधण्यासाठीच तर गाळणी बसवली होती.

माझ्या वाचनाची खात्री पटल्यापासून अण्णा मेल जंकमध्ये टाकतात ते मुद्दाम मी वाचावे म्हणून. सकाळी जिन्यात अडवतात. "कालचं बघितलंत ना? तिसरी ओळ पाहा. माणसानं माणसाला असं लिहावं?" मी तिसरी ओळ पाहिली. भाषा खरोखरच उर्मट होती, आणि नियमाप्रमाणे ते मेल मला 'चांगले' म्हणून शिकवावे लागले. जादा कामाच्या भत्त्यासाठी मी अर्ज केला आहे. तो अभिप्रायासाठी लेखा विभागाकडे गेला आहे.