कर्ज फिटलं म्हणून मूल्यांकन खरं ठरत नाही: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचा राग समजतो. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एका पीअर-टू-पीअर प्लॅटफॉर्मवरच्या (जिथे सामान्य गुंतवणूकदार ऑनलाइन थेट कर्जदाराला पैसे देतात) तारण कर्जात तुम्हाला पैसे घालायचे होते आणि त्या मिळकतीचा मूल्यांकन अहवाल तुम्ही आमच्याकडे तपासायला दिलात. नोंदणीकृत व्हॅल्युअरने किंमत 100 धरली असेल तर कर्ज 70 होतं. आम्ही जागेवर पाऊलही न ठेवता ती किंमत 72 वर आणली, तुम्ही माघार घेतलीत, आणि पुढे ते कर्ज व्याजासकट वेळेत फिटलं. तुमचं व्याज हुकलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘भीती विकण्याचा धंदा आहे हा.’

मिळकतीची ओळख पटेल असं काही इथे लिहिणार नाही. अहवाल प्लॅटफॉर्मवर सगळ्या गुंतवणूकदारांना खुला होता, त्यामुळे त्यातल्या मजकुराबद्दल बोलायला हरकत नाही.

आधी त्या 72 बद्दल. हा आकडा आमचा नाही, त्याच व्हॅल्युअरचा आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरात 100 आहे. आत गृहीतकांच्या पानावर मात्र स्पष्ट लिहिलंय की ही किंमत ‘इमारतीचं फ्लॅटमध्ये रूपांतर करायची परवानगी मिळालेली आहे’ असं धरून काढली आहे. परवानगी मिळालेली नव्हती, अर्ज तेवढा दाखल झाला होता. त्याच पानावर शेवटच्या परिच्छेदात सद्यस्थितीतली, म्हणजे परवानगीशिवायची, किंमत 72 दिली आहे. जी गोष्ट आज खरी नाही ती खरी मानून किंमत काढायला मूल्यांकनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मुभा आहे, फक्त ते उघडपणे नोंदवावं लागतं. व्हॅल्युअरने ते नोंदवलं, त्याचं काम चोख आहे. प्लॅटफॉर्मच्या सारांशात मात्र फक्त 100 आलं आणि ‘70 टक्के’ हे प्रमाण त्यावरून निघालं. पाणी मुरतं ते इथे. 72 वर 70 चं कर्ज म्हणजे 97 टक्के.

जागेवर न गेल्याबद्दल तुम्ही लिहिलंत. आम्ही जात नाही, आणि जातो असं कधी सांगतही नाही. भिंतीला ओल आहे की नाही हे तिथे जाऊन आलेल्या माणसालाच जास्त कळतं. आम्ही त्या माणसाने काय लिहिलं आणि कुठल्या अटीवर लिहिलं हे वाचतो. तुलनेसाठी दिलेले तीन व्यवहार आम्ही असेच वाचले. त्यातले दोन व्यवहार नव्हतेच, विक्रीला लावलेल्या मिळकतींच्या मागितलेल्या किमती होत्या. मागितलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, ती कुणी मोजलेली नसते. तिसरा व्यवहार खरा होता, पण ती इमारत हमरस्त्यावरची, तिच्यात आधीच भाडेकरू राहत होते, आणि विक्री वर्षभरापूर्वीची. शिवाय कर्जदाराने हीच इमारत मूल्यांकनाच्या काही महिने आधी 66 ला घेतली होती. हेही अहवालातच आहे. मधल्या काळात एक वीटही हललेली नसताना 66 चे 100 कसे झाले, याचं उत्तर त्या एका गृहीतकात आहे.

आता हे 72 तरी हातात पडले असते का? बाजारमूल्याच्या व्याख्येत विकायला राजी असलेला विक्रेता आहे, घ्यायला राजी असलेला गिऱ्हाईक आहे, जाहिरातीला पुरेसा वेळ आहे आणि कुणावर कसलीही सक्ती नाही. कर्ज थकल्यावर होणाऱ्या विक्रीत यातलं बहुतेक काही नसतं. इमारत रिकामी असते, गिऱ्हाइकाला तुमची घाई ठाऊक असते आणि कर्जदार सहकार्य करत नाही. समजा घाईपोटी 15 टक्के कमी मिळाले, तर 72 चे साधारण 61 होतात. वकील, विक्रीची दलाली, ताब्याचा खर्च, विमा यांत 4 गेले की उरले 57. मुद्दल 70. म्हणजे दर 100 मुद्दलामागे 81 च्या आसपास परत, तेही किती काळाने ते सांगता येत नाही, आणि व्याज शून्य. बोजा पहिला होता, म्हणजे विक्रीच्या पैशांवर पहिला हक्क या कर्जाचा होता, म्हणून एवढं तरी. दुसरा असता तर आधीच्या धनकोचं मुद्दल, थकलेलं व्याज आणि खर्च पुरा झाल्यावर जे उरेल ते आपलं.

आणि ही घट धरताना आम्ही मूल्यांकन स्वतः अचूक मानलंय. दोन काळजीपूर्वक काम करणारे व्हॅल्युअरही एकाच मिळकतीवर वेगळे आकडे देतात. इंग्लंडच्या न्यायालयाने 2010 च्या एका निकालात साध्या घरासाठी 5 टक्के, सहसा न आढळणाऱ्या मिळकतीसाठी 10 टक्के आणि अगदी अपवादात्मक मिळकतीसाठी 15 टक्के इकडे-तिकडे एवढा फरक निष्काळजीपणाशिवायही पडू शकतो असं मानलं. तुमची इमारत साध्या घरात नक्कीच मोडत नव्हती.

जर्मनीत तारणाकडे कसं बघतात ते मला फार पटतं. तिथे फांडब्रीफ नावाचे रोखे मिळकतीच्या तारणावर काढताना नुसतं बाजारमूल्य धरत नाहीत. मिळकतीचे दीर्घकाळ टिकणारे गुण तेवढे पाहून, सट्ट्याचा भाग वगळून, कर्जासाठी वेगळं मूल्य काढतात. ते बाजारमूल्याच्या वर जाऊ शकत नाही, आणि त्याच्याही 60 टक्क्यांपर्यंतचाच भाग रोख्यांच्या तारणात मोजतात. न मिळालेल्या परवानगीची किंमत अशा हिशोबात बसतच नाही.

मग कर्ज फिटलं कसं? तुम्हीच लिहिलंय: कर्जदाराने दुसरीकडून कर्ज काढून हे फेडलं. चांगलंच झालं, ज्यांचे पैसे होते त्यांना ते मिळाले. पण मिळकत विकली गेली नाही. 100, 72 की आणखी काही, हे बाजारात कुणी तपासलंच नाही. जोखीम जिथल्या तिथे आहे, फक्त ती आता दुसऱ्या कुणाच्या पैशांवर आहे. कर्ज फिटतं ते कर्जदाराकडे पैसे आले म्हणून. मूल्यांकनाची गरज लागते ते पैसे न आल्यावर, आणि ज्या कर्जात ती वेळ आली नाही ते मूल्यांकनाबद्दल काहीच सांगत नाही. ब्रिटनमध्ये लेंडी नावाचा मिळकत-तारण कर्जांचा प्लॅटफॉर्म मे 2019 मध्ये कोलमडून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकांच्या ताब्यात गेला. वेळेत फिटलेली कर्जं तिथेही होती. नंतर अनेक गुंतवणूकदारांचं मुद्दलसुद्धा पूर्ण सुटलं नाही.

एक दुरुस्ती करतो. ‘पैसे घालू नका’ असं आमच्या टिपणात नाही. वाक्य असं आहे: ‘सद्यस्थितीतल्या किमतीवर तारण जवळजवळ पूर्ण वापरलं गेलं आहे, बिनतारण कर्जाला मागाल तेवढा व्याजदर मिळत असेल तरच विचार करावा.’ तुम्हाला मिळणारा दर तेवढा नव्हता. निर्णय तुमचा होता आणि माझ्या मते तो योग्य होता. तपासणीची फी म्हणूनच परत करणार नाही. निकाल पाहून फी घेऊ-सोडू लागलो तर उद्या टिपणं गिऱ्हाइकाला आवडतील अशीच लिहावीशी वाटतील.

तुमच्या रिव्ह्यूतली शेवटून दुसरी ओळ मला जास्त टोचली. ‘पुढच्या कर्जात तुम्हाला न विचारता पैसे घातले, बांधकाम चालू आहे, पूर्ण झाल्यावरच्या किमतीच्या 60 टक्केच कर्ज आहे.’ या ‘60 टक्केच’ची मला काळजी वाटते. पूर्ण झाल्यावरची किंमत 100 धरा. बांधकाम, व्याज आणि बिल्डरचा नफा मिळून 75, म्हणजे जमीन 25 ची, आणि काम सुरू होताना तारण म्हणून हातात असते ती ही जमीनच. विक्रीचा अंदाज 10 टक्क्यांनी चुकला आणि 90 च आले, तर जमीन 15 वर येते. वर 10 टक्के घट, खाली 40 टक्के. आणि काम अर्धवट थांबलं तर त्या सांगाड्यावर झालेला खर्चसुद्धा किमतीत उतरेल याची खात्री नसते.

याकरता आम्हाला फी द्यायची गरज नाही, प्लॅटफॉर्मला एवढंच लेखी विचारा: आजवर किती रक्कम उचलली गेली, आज आहे त्या अवस्थेत मिळकतीची किंमत काय, आणि काम किती झालं याचा दाखला कोण देतं, स्वतंत्र सर्व्हेअर की कर्जदाराचाच माणूस? अहवाल कुणाच्या नावे आहे तेही बघा. तो कर्ज देणाऱ्यांच्या वतीने काढलेला नसेल तर उद्या व्हॅल्युअरची चूक निघाली तरी तुम्हाला त्याला जबाब विचारणं अवघड जाईल. पुढचा हप्ता सुटण्याआधी ही उत्तरं मागवून घ्या. आली की त्यांचा अर्थ लावायला हवं तर फोन करा, त्याचे पैसे लागणार नाहीत.